बादली कशाने धुवायची?
घरगुती बिअर आणि सुरक्षित सफाईद्रव्ये : एक आढावा

अमेरिकेत घरी बिअर बनवणे १ फेब्रुवारी १९७९ पासून केंद्रीय कायद्याने मोकळे झाले. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी आदल्या ऑक्टोबरमध्ये विधेयकावर सही केली होती. एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन अशी मुभा मिळाली. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली होती. या पहिल्या पिढीतल्या हौशी माणसाचे साहित्य बेताचेच असे: माल्टच्या अर्काचा डबा, यीस्टची पुडी, झाकणाची प्लॅस्टिकची बादली आणि कपडे धुण्याच्या फळीवरून उचललेली ब्लीचची बाटली.

गेल्या साडेचार दशकांत डबा, पुडी आणि बादली तिन्ही सुधारले. सर्वांत मोठा बदल मात्र चौथ्या वस्तूत झाला. आज होमब्रूइंगच्या दुकानात सफाईसाठी वेगळे कपाट असते. त्यात अल्कली पावडरी, ऑक्सिजन सोडणारी द्रव्ये, आयोडीनची तपकिरी बाटली, फेसाळणारे आम्ल असे सगळे शेजारी शेजारी मांडलेले असते आणि प्रत्येकावर ‘सुरक्षित’ हा शब्द कुठे ना कुठे छापलेला असतो. नवखा माणूस तिथेच अडकतो. सुरक्षित म्हणजे कोणासाठी? बिअरसाठी, भांड्यासाठी, की धुणाऱ्याच्या हातांसाठी? या तिघांची उत्तरे नेहमी एक येत नाहीत, आणि या कपाटापुढचा गोंधळ मुळात तिथूनच सुरू होतो.

धोका नेमका कशाचा?

बिअर हे बऱ्यापैकी स्वतःची राखण करणारे पेय आहे. माल्टचा गोड काढा, ज्याला वर्ट म्हणतात, तो साधारण तासभर उकळला जातो. हॉप्समधली कडू आम्ले अनेक जिवाणूंना वाढू देत नाहीत. आंबून झाल्यावर पीएच ४ ते ४.५ च्या आसपास उतरतो, अल्कोहोल तयार झालेले असते, कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंना अशा ठिकाणी सहसा थारा मिळत नाही.

मग शिरतो कोण? लॅक्टोबॅसिलस शिरला तर बिअर आंबट होते. पेडिओकॉकस शिरला तर तिला लोण्यासारखा वास येतो. ॲसिटोबॅक्टरला हवा मिळाली तर व्हिनेगर तयार होते. जंगली यीस्टचे प्रकार गोठ्यासारखा किंवा औषधी वास आणतात. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवर ग्रंथ लिहून हे ‘बिअरचे आजार’ सूक्ष्मजीवांमुळे होतात हे दाखवले. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, आणि आगंतुक यीस्टही बिअर बिघडवते हे सिद्ध केले. हौशी माणसाची स्वच्छतेची सारी धडपड या दोघांच्या कामावर उभी आहे.

हा धोका मुख्यतः चवीचा आहे. त्याला दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. बाटलीत जंगली यीस्ट राहिले तर उरलेली साखर खात ते वायू तयार करत राहते आणि काचेची बाटली फुटू शकते. दुसरे म्हणजे, यीस्ट न घालता बंद डब्यात दिवसेंदिवस ठेवलेला वर्ट. त्याचा पीएच पाचच्या वर असतो आणि आत प्राणवायू नसतो, त्यामुळे बॉट्युलिझमच्या जिवाणूला तिथे वाव मिळतो. म्हणून वर्ट थंड झाला की लगेच यीस्ट घालावे.

सफाईद्रव्याचा धोका याहून वेगळ्या पातळीवरचा आहे. बिघडलेली बिअर मोरीत ओतून मोकळे होता येते. कॉस्टिक सोड्याने भाजलेल्या डोळ्याचे तसे नाही. जंतूंच्या भीतीपोटी माणूस जास्तीत जास्त जहाल द्रव्य शोधतो आणि त्या शोधातच स्वतःला इजा करून घेतो. पुढचे सगळे वाचताना ही तुलना मनात असू द्यावी.

धुणे वेगळे, धुरी वेगळी

कैरीचे लोणचे घालायच्या आधी आपल्याकडे बरणी घासतात, उन्हात कडकडीत वाळवतात आणि मग तिला हिंगाची धुरी देतात. ज्या घरात ही रीत आहे, तिथे होमब्रूइंगचा पहिला धडा वेगळा शिकवावा लागत नाही. खरकटी बरणी नुसती धुरी देऊन कोणी लोणच्याला घेत नाही. आधी मळ जातो, मग जंतूंचा बंदोबस्त होतो.

होमब्रूइंगमध्ये या दोन पायऱ्यांना क्लीनिंग आणि सॅनिटायझिंग म्हणतात. क्लीनिंग म्हणजे दिसणारा आणि हाताला लागणारा मळ काढणे. सॅनिटायझिंग म्हणजे स्वच्छ पृष्ठभागावरचे जंतू इतके कमी करणे, की भरपूर ताजे यीस्ट त्यांच्यावर सहज मात करेल. तिसरी पायरी संपूर्ण निर्जंतुकीकरणाची. ती घरगुती बिअरला सहसा लागत नाही आणि प्लॅस्टिकच्या बादलीत ती साधतही नाही.

क्रम उलटा केला तर महागातले सॅनिटायझरही वाया जाते. वाळलेल्या फेसाच्या थराखाली जंतू सुखरूप बसलेले असतात. द्रव्याची ताकद त्या थराशी झुंजण्यातच संपते, खाली पोहोचत नाही. म्हणून ‘कोणते द्रव्य चांगले?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या पायरीसाठी?’ असे विचारले पाहिजे.

हेन्केल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचे एक साधे गणित मांडले. रसायन, तापमान, वेळ आणि घासणे या चार गोष्टी मिळून मळ निघतो. एक कमी केली तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. मोठ्या ब्रूअरीत उंच टाकीत उतरून घासणे परवडत नाही, म्हणून तिथे रसायन जहाल आणि पाणी कढत असते. घरच्या माणसाकडे रात्रभराचा वेळ असतो, मऊ स्पंज असतो आणि भांडे वीस लिटरचे असते. त्याने जहाल रसायनाकडे वळायचे काहीच कारण नाही.

मळाच्या दोन जाती

बिअरच्या भांड्यात मळ दोन प्रकारचा साठतो. पहिला सेंद्रिय: यीस्ट, प्रथिने, हॉप्सची चिकट राळ आणि आंबताना वर चढून बादलीच्या काठाला वाळलेला फेस. तो अल्कलीने सुटतो. दुसरा खनिज. पाण्यातले कॅल्शियम आणि माल्टमधले ऑक्सलेट मिळून पांढरट-तपकिरी खर तयार होते. ब्रूअर मंडळी तिला बिअरस्टोन म्हणतात. तिच्यावर अल्कलीचा फारसा परिणाम होत नाही, तिथे आम्ल लागते.

तांब्याची कळशी चिंचेने आणि तेलकट कढई राखेने घासणाऱ्या घरांना ही विभागणी हातानेच ठाऊक होती. राखेत पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे अल्कली. चिंचेत टार्टारिक आम्ल. होमब्रूइंगच्या दुकानातले कपाट याच दोन डब्यांचा विस्तार आहे.

अल्कलीचा डबा

सर्वांत जहाल टोकाला कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. व्यावसायिक ब्रूअरीत त्याचे एक ते तीन टक्क्यांचे गरम द्रावण पंपाने टाकीत फिरवतात. मळ काढण्यात त्याला तोड नाही, पण तो त्वचा आणि डोळेही तितक्याच झपाट्याने खातो. अल्कलीची डोळ्याची इजा बहुधा आम्लापेक्षा वाईट ठरते, कारण ती ऊती विरघळवत आत खोल जात राहते. पाण्यात घालताना प्रचंड उष्णता निघते. म्हणून सोडा नेहमी पाण्यात घालायचा; सोड्यावर पाणी ओतले तर ते उकळून अंगावर उडते. ॲल्युमिनियमला लागला की हायड्रोजन वायू सुटतो. एक अपघात तर सहज सुचणार नाही असा आहे: कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत कॉस्टिक सोडले तर ते तो वायू शोषून घेते, आत निर्वात पोकळी तयार होते आणि स्टीलची भक्कम टाकी कागदाच्या पेल्यासारखी आत चेपते. घरगुती वापरासाठी कॉस्टिकला जागा नाही.

दुसऱ्या टोकाला धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. स्वस्त, बऱ्यापैकी निरुपद्रवी, पण वाळलेल्या फेसापुढे एकट्याने कमी पडतो. ट्रायसोडियम फॉस्फेट एकेकाळी लोकप्रिय होते. सांडपाण्यातले फॉस्फेट तळ्यांमध्ये शेवाळ माजवते हे स्पष्ट झाल्यावर त्याचा वापर घटत गेला.

मधली जागा सोडियम परकार्बोनेटने घेतली. ही पांढरी भुकटी म्हणजे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र बांधलेले. गरम पाण्यात पडली की दोन्ही सुटे होतात. सोडा मळ सोडवतो, पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन त्याला फोडतो आणि शेवटी उरते सोड्याचे पाणी. अमेरिकेतले ऑक्सिक्लीन फ्री हे कपड्यांचे उत्पादन हौशी मंडळींनी उचलले ते यामुळेच. त्यातल्या ‘फ्री’चा अर्थ इथे महत्त्वाचा: त्यात सुवास नाही. सुवासिक पावडरीचा वास प्लॅस्टिकच्या बादलीत शिरतो आणि पुढच्या बिअरमध्ये उतरतो.

पीबीडब्ल्यू हे फाइव्ह स्टार कंपनीचे चूर्ण याच जातीचे. त्यात परकार्बोनेटच्या जोडीला सोडियम मेटासिलिकेट असते. ते चिकट मळ उचलते आणि धातूचे थोडे रक्षणही करते. लिटरला साधारण साडेसात ते पंधरा ग्रॅम, पन्नास-साठ अंशांचे पाणी आणि अर्ध्या तासापासून रात्रभर भिजवण, एवढ्यात बहुतेक भांडी जवळपास न घासता निघतात. मेटासिलिकेट स्वतः दाहक आहे, त्यामुळे हातमोजे हवेतच. सुटे मेटासिलिकेट आणून घरी मिश्रण करणारे बरेच आहेत. थोडे पैसे वाचतात, पण ती भुकटी नाकात गेली की काय होते हे एकदा कळले की हिशेब बदलतो.

परकार्बोनेटची एक अट कटाक्षाने पाळावी. त्याचे द्रावण सतत ऑक्सिजन सोडते. उरले म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवले तर दाब वाढून बाटली फुटू शकते. शिवाय काही तासांत त्याचा दमही सरतो. लागेल तेवढेच करावे, उरलेले ओतून द्यावे.

आणि भांडी घासायचा नेहमीचा साबण? निकडीला चालतो. पण त्याचा सुवास राहतो आणि पातळ थर उरला तर बिअरचा फेस टिकत नाही. ग्लासात फेस बसतोय असे वाटले तर यीस्टला बोल लावण्याआधी साबण तपासावा.

आम्लाचा डबा

बिअरस्टोनसाठी व्यावसायिक ब्रूअरीत फॉस्फोरिक आणि नायट्रिक आम्लांची मिश्रणे वापरतात. घरी नायट्रिकची गरज नाही. सौम्य फॉस्फोरिक आम्ल असलेला क्लीनर किंवा लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, गरम पाण्यात घेऊन भिजवले तर ताजी खर निघते. जुनी खर एका धुण्यात जात नाही. आधी अल्कली, मग खळखळून पाणी, मग आम्ल असा क्रम दोनदा करावा लागतो. स्टीलवर डाग असतील तर ऑक्सॅलिक आम्लाची ‘बार कीपर्स फ्रेंड’सारखी पावडर कामाला येते. ऑक्सॅलिक आम्ल पोटात जाणे घातक आहे, म्हणून नंतर भरपूर पाणी हवे.

बाथरूमची फरशी धुण्याच्या ‘ॲसिड’च्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते बिअरच्या भांड्याजवळही आणू नये. त्यातले क्लोराइड स्टेनलेस स्टीलचे संरक्षक कवच भेदते आणि स्टीलला बारीक खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत जंतू पुढे मुक्काम ठोकतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर किंवा लिंबू एकत्र करून जो फसफसाट होतो, तो पाहायला छान वाटतो. पण फसफसून झाल्यावर अल्कली आणि आम्ल दोघांनी एकमेकांना निकामी केलेले असते आणि हाती उरते खारट पाणी. ही दोन्ही द्रव्ये वेगवेगळी वापरली तर थोडीफार कामाची. एकत्र केली की नुसती करमणूक.

जंतूंचा बंदोबस्त

आता ब्लीचकडे. सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारण्यात कुठेच कमी नाही. लिटरला सुमारे चार मिलिलिटर साधे ब्लीच आणि वीस मिनिटे, हा जुन्या होमब्रूअरांचा ठरलेला हिशेब होता. अडचणी नंतरच्या आहेत. माल्टमध्ये फिनॉल वर्गातली संयुगे असतात. क्लोरीनचा अंश त्यांना भेटला की क्लोरोफिनॉल तयार होतात आणि एक अब्ज भागांत मोजके काही भाग असले तरी जिभेला जाणवतात. हा वास मराठी वाचकाला चांगला ओळखीचा आहे. डेटॉलमधले मुख्य द्रव्य क्लोरोझायलेनॉल हेही क्लोरीनयुक्त फिनॉलच. बिअरला दवाखान्याचा वास आला की ब्लीच नीट धुतले गेले नाही किंवा नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढले नव्हते, असे खुशाल समजावे.

हा वास टाळायला ब्लीचनंतर भांडे खळखळून धुवावे लागते. पण कशाने? नळाच्या पाण्याने धुतले तर मारलेल्या जंतूंच्या जागी नवे येतात. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचे तर काम दुप्पट. शिवाय ब्लीच स्टीलला खड्डे पाडते आणि तांबे काळवंडवते. हल्ली बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ब्लीचमध्ये सुवास किंवा ते दाट करणारी द्रव्ये असतात. तशी बाटली या कामाची नाहीच.

सर्वांत मोठा धोका मिश्रणाचा आहे. ब्लीचमध्ये आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला की क्लोरामाइनची वाफ येते. दोन्ही फुप्फुसांवर घाला घालतात. जुन्या मंडळींत ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर घालून त्याची ताकद वाढवण्याची एक युक्ती फिरत असे. रसायनशास्त्र म्हणून ती खोटी नाही, पण दोन्ही द्रव्ये चुकून थेट एकत्र ओतली गेली तर परिणाम गंभीर होतो. अरुंद मोरीत हा जुगार खेळू नये.

ब्लीचची जागा दोन द्रव्यांनी घेतली. पहिले आयोडोफर, म्हणजे फेसकारी द्रव्यात बांधलेले आयोडीन. ते मूळचे दुग्धव्यवसायातले. दशलक्षात साडेबारा भाग, म्हणजे १९ लिटर पाण्यात साधारण १५ मिलिलिटर, एवढे पुरते. दोन मिनिटांत काम होते. सावध माणसे दहा मिनिटे ठेवतात. या प्रमाणात नंतर धुवावे लागत नाही, भांडे निथळले की झाले. त्याचा फिकट तपकिरी रंगच ताकदीची खूण असतो, रंग उडाला की द्रावण संपले. पाणी कोमटाहून गरम नको, नाहीतर आयोडीन उडून जाते. प्लॅस्टिकला डाग पडतात, पण ते दिसण्यापुरतेच. आयोडीनची ॲलर्जी असलेल्याने मात्र दूर राहावे.

दुसरे आम्लवर्गी सॅनिटायझर. त्यात स्टार सॅन सर्वांत परिचित. फॉस्फोरिक आम्ल आणि डोडेसिलबेंझिन सल्फोनिक आम्ल हे फेसकारी द्रव्य अशी त्याची जोडी. १९ लिटरला ३० मिलिलिटर आणि एक-दोन मिनिटे. नंतर धुवायचे नाही. बादलीत उरलेला फेस पाहून नवखा माणूस घाबरतो आणि नळाखाली भांडे धरतो. तिथेच चूक होते. योग्य प्रमाणातला तो फेस बिअरमध्ये गेला तरी चव बदलत नाही आणि तो यीस्टच्या आड येत नाही. प्रमाण दुप्पट-तिप्पट केले तर मात्र हा भरवसा उरत नाही.

त्याची मेख पाण्यात आहे. पीएच तीनच्या खाली असेल तोवरच ते काम करते. कठीण पाण्यात द्रावण लवकर गढूळ होते आणि पीएच वर चढतो. डिस्टिल्ड पाण्यात केलेले द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत आठवडेच्या आठवडे टिकते, पीएच पट्टीने अधूनमधून तपासले की पुरे. आधी वापरलेली अल्कली नीट धुतली नसेल तर हे आम्ल तिथेच मरते. संगमरवर आणि सिमेंटवर त्याचे चट्टे पडतात, मऊ नळ्या त्यात दिवसभर भिजवल्या तर खराब होतात. आणि हे क्लीनर नाही. मळक्या बादलीवर ते मारणे म्हणजे खरकट्या बरणीला धुरी देणे.

पेरॲसिटिक आम्ल व्यावसायिक ब्रूअरींना आवडते, कारण ते शेवटी व्हिनेगरचे आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटित होते. पण मूळ बाटलीतले तीव्र द्रावण डोळ्यानाकाला सोसवत नाही. घरासाठी ते ओढूनताणून आणण्यात अर्थ नाही. वाइन करणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. ते जंगली यीस्टला दाबते, पण भांड्याचे सॅनिटायझर म्हणून त्यावर विसंबू नये; त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरतो. क्वाटर्नरी अमोनियम द्रव्ये पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि फेस मारतात, म्हणून बाद. सत्तर टक्के अल्कोहोल छोट्या जागांना उत्तम, झाकण, नळ, कात्री वगैरे. ते पंचाण्णव टक्क्यांहून जास्त परिणामकारक असते, कारण जंतूंची प्रथिने निकामी करायला थोडे पाणी लागते. शेगडी पेटलेली असताना मात्र ते हातात घेऊ नये.

सगळ्यात जुने सॅनिटायझर उष्णता, आणि ती काहीच मागे ठेवत नाही. धातूच्या वस्तू उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवल्या की झाले. यीस्ट वाढवायची उष्णतारोधक काचेची छोटी भांडी प्रेशर कुकरमध्ये पंधरा मिनिटे ठेवली तर पूर्ण निर्जंतुक होतात, कारण घरातल्या कुकरचे तापमान साधारण १२० अंशांपर्यंत पोहोचते. काचेच्या बाटल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर तासभर ठेवता येतात, मात्र तापवणे आणि गार करणे दोन्ही सावकाश.

भांड्याची जात ओळखा

स्टेनलेस स्टील जवळजवळ सगळे सोसते, फक्त क्लोरीन आणि तारेची घासणी नको. ॲल्युमिनियमचे भांडे अल्कलीत रात्रभर भिजवले तर काळे पडते. त्याला अर्धा तास पुरे, आणि आतला करडा थर चकचकीत घासून काढू नये, तोच त्याचे रक्षण करतो. वर्ट गार करायची तांब्याची वेटोळी नळी सौम्य आम्लाने उजळते. आंबलेल्या बिअरचा पीएच खाली असल्याने तयार बिअर तांब्यात साठवू नये. आपल्याकडे आंबट पदार्थासाठी पितळी भांड्याला कल्हई करतात, त्यामागचे कारणही हेच.

काचेच्या मोठ्या बरण्यांत गरम पाणी एकदम ओतले की त्या तडकतात, आणि ओल्या हातातून निसटलेल्या बरणीने झालेल्या जखमा साध्या नसतात. पीईटी प्लॅस्टिक साठ-सत्तर अंशांना मऊ पडते. त्याला कोमट पाणी आणि जास्त वेळ द्यावा. जाड पॉलिथिनच्या बादलीचा शत्रू म्हणजे खरबरीत घासणी. तिच्या प्रत्येक ओरखड्यात जंतूंना अशी जागा मिळते की कोणतेच द्रव्य तिथे धड पोहोचत नाही. ओरखडलेली बादली माल्ट साठवायला ठेवावी आणि बिअरसाठी नवी आणावी. कोणत्याही द्रव्यापेक्षा हा उपाय खात्रीचा.

नळ, झाकणाची रबरी चकती आणि पिंपाला जोडलेल्या नळ्या, या तीन ठिकाणी सर्वांत जास्त बिअर बिघडते. नळ खोलून सुटा करून धुवायचा असतो हे अनेकांना दुसऱ्या-तिसऱ्या नासलेल्या बॅचनंतर कळते. अमेरिकी ब्रूअरांच्या संघटनेची शिफारस अशी, की बारमधल्या बिअरच्या नळ्या दर चौदा दिवसांनी कॉस्टिकने आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने धुवाव्यात. घरी कॉस्टिकऐवजी परकार्बोनेटचे द्रावण पंधरा-वीस मिनिटे फिरवावे, पण चौदा दिवसांचा वक्तशीरपणा तोच ठेवावा.

आपला संबंध

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. घरासाठी, हौसेसाठी, थोडीशीच, यातले काहीही बचाव म्हणून चालत नाही. पुण्यात २००९ साली डुलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली आणि तिथली ताजी बिअर मराठी गिऱ्हाइकाला ठाऊक झाली, पण तो परवानाधारक धंदा आहे. त्यामुळे हा आढावा थेट उपयोगाचा आहे तो न्यू जर्सी, लंडन किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या, तिथल्या कायद्यात राहून गॅरेजमध्ये बादली मांडणाऱ्या मराठी माणसाला.

तरी इथल्या वाचकालाही यातले बरेच लागू पडते. व्हिनेगर, कांजी, लोणची, कोंबुचा करणाऱ्या घरांत हाच प्रश्न असतो. त्यांना दोन गोष्टी पुरतात: सुवास नसलेले ऑक्सिजनवर्गी चूर्ण किंवा धुण्याचा सोडा, आणि उकळते पाणी. फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि बाथरूमचे ॲसिड यांचा आंबवण्याच्या भांड्याशी काही संबंध येऊ देऊ नये.

निवाडा

सगळे कपाट तपासून झाल्यावर घरगुती बिअरसाठी दोनच बाटल्या घ्याव्यात असे माझे मत आहे: परकार्बोनेटवर आधारलेला बिनवासाचा एक क्लीनर आणि न धुता चालणारा एक सॅनिटायझर. आयोडोफर घ्यावे की आम्लवर्गी, हे आपले पाणी पाहून ठरवावे. पाणी कठीण असेल आणि डिस्टिल्ड पाणी आणायचा कंटाळा असेल तर आयोडोफर; फवाऱ्यात भरून दिवसेंदिवस वापरायचे असेल तर आम्लवर्गी. सहा महिन्यांतून एकदा खर काढायला लिंबूसत्त्वाची पुडी. याच्या पलीकडचे बहुतेक सारे एकतर व्यावसायिकांचे आहे किंवा निरुपयोगी.

द्रव्यांइतकाच खर्च मोजमापावर करावा. मिलिलिटरच्या खुणा असलेला पेला, पीएच पट्ट्या, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा. द्रव्य डोळ्यात गेलेच तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे डोळा धरावा, मग डॉक्टरकडे जावे. द्रव्य मूळ बाटलीतच ठेवावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलेले रसायन पाणी समजून प्यायले जाते, आणि पिणारे बहुतेकदा घरातले मूल असते. लेबलावरचे प्रमाण ही सूचना म्हणून न वाचता मर्यादा म्हणून वाचावे. न धुता चालणारे द्रव्य न धुता चालते ते त्या प्रमाणातच.

आणि ब्लीचची बाटली कपडे धुण्याच्या फळीवरच राहू द्यावी.